जुन्या कालव्यावर श्रमदान: अजिबात अनुभव नसताना जावं का?

वाटसरू_स्विंडन
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त इंग्लंडात स्विंडनला आहे. इथे 'कॅनाल वॉक' नावाचा दुकानांचा रस्ता आहे, पण कालव्याचा पत्ता नाही, म्हणून शोधाशोध केली. विल्ट्स अँड बर्क्स कालवा १८१० साली पुरा झाला, १९१४ साली कायदा करून बंद केला, शहरातला भाग बुजवला. बाहेरचे तुकडे आता स्वयंसेवक पुन्हा मोकळे करतायत.

मलाही जायचंय, पण आयुष्यात फावडं धरलेलं नाही. काय काम देतात? उन्हाळ्यात बाबा येणार आहेत. निवृत्त आहेत, स्वस्थ बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांना नेलं तर चालेल?

घमेलेवाली
जा की! फक्त गाळ उपसायच्या आशेने जाऊ नका, ते बहुतेक पोकलेनच करतं.

मी दक्षिणेकडच्या दुसऱ्या एका कालव्यावर जाते. काम ऋतूवर ठरतं. वसंतापासून ऑगस्टपर्यंत पक्ष्यांची घरटी, म्हणून झाडोरा तोडायचा तो हिवाळ्यात. बांधकाम उन्हाळ्यात, कारण ओला चुना गोठला की वाया गेला. हो, चुनाच. सिमेंट का नाही, हे प्रत्येक नवा माणूस विचारतो. जुनी वीट मऊ, पाणी पिते आणि सोडते. विटांमधल्या फटी सिमेंटने भरल्या तर पाणी विटेतच अडकतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडतो. सिमेंट ठणठणीत राहतं आणि वीट मात्र झिजत जाते.

तुम्हाला पहिल्या दिवशी बहुधा हातोडी-छिन्नी देऊन जुन्या विटांचा चुना काढायला बसवतील. लोक नाकं मुरडतात, मला तेच काम आवडतं. चुना सुटून येतो, वीट शाबूत राहते आणि त्याच भिंतीत परत बसते. सिमेंटने जोडलेली असती तर फुटलीच असती.

बाबांना जरूर न्या. जून-जुलैत काठावरचा हिमालयन बाल्सम उपटायचा असतो. आपल्या तेरड्याचा भाऊबंद, १८३९ साली बागेत लावायला आणला आणि पसरला. थंडीत मरतो, मग काठ उघडा पडून ढासळतो. शेंगा तडकायच्या आत मुळासकट काढायचा. मुळं उथळ असतात, ओढला की आला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण ह्या भाऊबंदाला ते कुणी सांगितलेलं नाही.

एक मात्र पाळा: हाताला खरचटलं असेल तर झाकून ठेवा आणि डबा उघडण्याआधी हात धुवा. साचलेल्या पाण्यात उंदीर असतात, त्यांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोचा ताप इथेही होतो.

खवचट_आजोबा
म्हणजे इंग्रजांचा कालवा आपण फुकटात खणून द्यायचा! दीडशे वर्षं राबलो ते पुरलं नाही वाटतं?

घमेलेवाली
आजोबा, तुमचं सरकारवरचं प्रेम बघता हे आवडेल तुम्हाला. स्ट्रॅटफर्डच्या कालव्याचा दक्षिणेकडचा भाग १९५० च्या दशकात काउंटी कौन्सिललाच (इथली जिल्हा परिषद म्हणा) रद्द करून हवा होता, त्यावरच्या पुलाचा खर्च टाळायला. तीन वर्षांत एकही नाव इथून गेली नाही, असं म्हणणं. दोघा वल्हवणाऱ्यांनी टोलची पावती काढून दाखवली! बेत बारगळला. मग स्वयंसेवक, लष्करी जवान आणि चक्क तुरुंगातले कैदी यांनी मिळून तो दुरुस्त केला आणि १९६४ साली तो पुन्हा खुला झाला. फुकट राबणाऱ्यांच्या चिकाटीपुढे कौन्सिल हरलं, म्हणून तर मी जाते.

खवचट_आजोबा
पावतीचं आवडलं. बाकी मत कायम.

वाटसरू_स्विंडन
धन्यवाद! मग शहरातला बुजवलेला भागही कधी उघडेल का?

घमेलेवाली
जुन्या मार्गाने कसा उघडणार? वर दुकानं आणि रस्ते आहेत, वळसाच घ्यावा लागेल. गाळ आणि झाडं ही सोपी दुखणी. जिथे कमानी पूल पाडून रस्ता सपाट केलाय तिथे खरी अडचण, कारण नाव जायची तर रस्ता उचलायला हवा. ते आमच्या घमेल्यांचं काम नाही, त्याला परवानग्या आणि गडगंज पैसा लागतो.

वाटसरू_स्विंडन
शनिवारसाठी नाव दिलं. पुढे स्टील असलेले बूट आणा म्हणाले.

घमेलेवाली
जाड मोज्यांसकट मावतील असेच घ्या. आणि विटा साफ करायला लावल्या तर डोळ्यांवर चष्मा मागून घ्या, कपच्या उडतात.