मदत हवी आहे: लाकडी जमिनीसाठी टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेयर) जड घ्यावा की हलका?

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या जुन्या इमारतीत लाकडी जमिनीवर टर्नटेबल ठेवलाय. कुणी चाललं की सुई उडते, आवाज वाढवला की स्पीकरचा वूफर (खर्जाचा मोठा पडदा) नुसताच आत-बाहेर हलत राहतो. खाली जाड कडप्पा घातला, काडीचा फरक नाही. जमीनच हलते, तर वजन वाढवून काय होणार!

आता नवीन घ्यायचाय. टेक्निक्स एसएल-१२००जी जवळपास १८ किलोचा, रेगा प्लेनार ३ जेमतेम ६ किलोचा, लिन एलपी१२ आतून स्प्रिंगांवर तरंगणारा. मला वाटतं, हलका घेऊन विटांच्या भिंतीत ब्रॅकेटवर ठेवावा. पण त्या भिंतीपलीकडे जिना आहे, दिवसभर वर्दळ. असं कुणी केलंय का? स्प्रिंगवाल्याला लाकडी जमीन मानवते का? भीमसेनजींच्या एलपी रेकॉर्ड खराब होतील याची फार काळजी वाटते, कृपया अनुभव सांगा.