व्हॅल्युएशनच्या लाईनमध्ये जाऊ का? पगार आणि पुढचं काय?

वाकड_सिव्हिल:
नमस्कार मंडळी. बी.ई. सिव्हिल, २०२१ ला पास झालो, तेव्हापासून साईट इंजिनिअर आहे, आधी मोशी आणि आता पुनावळे. हातात २८ हजार येतात. स्लॅब असला की रात्रीचे अकरा वाजतात आणि रविवार असा काही उरलेलाच नाहीये. आता एका व्हॅल्युएशन एजन्सीकडून (मालमत्तेची किंमत ठरवून देणारी) ऑफर आलीय, बँकांच्या होम लोनच्या केसेस, म्हणजे फ्लॅट बघायचा, मोजायचा, फोटो काढायचे, रिपोर्ट बनवायचा. पगार २४ हजार, पेट्रोल वेगळं. बाबा म्हणतात दुसऱ्यांच्या घरांची मापं घेत फिरायचं हे काय काम, वर ४ हजार कमी घ्यायचे. पण मला यात मनापासून रस आहे. गेल्या वर्षी आमच्याच फ्लॅटला व्हॅल्युअर आले होते, त्यांनी अर्ध्या तासात आमच्या बिल्डिंगबद्दल जे सांगितलं ते आम्हाला तिथे दहा वर्षं राहून माहीत नव्हतं. या लाईनमधल्या लोकांनी खरं खरं सांगा, पाच-सात वर्षांनी माणूस किती कमावतो आणि हे काम पुढे टिकणार का?

सहकारनगरचे_काका:
मी १९९८ पासून पुण्यात व्हॅल्युअर आहे, चार बँकांच्या पॅनेलवर, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या व्हॅल्युअरांच्या यादीत. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, या धंद्यात पैसा रिपोर्टवरच्या सहीला मिळतो, पायपिटीला नाही. एजन्सीत तू पायपीट करणार आणि सही दुसऱ्याची असणार, म्हणून २४ हजार. ते वाईट नाही, फक्त किती वर्षं करायचं ते आधी ठरव.

सही कशी मिळते ते सांगतो. कंपनी कायद्याचं कलम २४७ आणि २०१७ चे नियम, त्याखाली आयबीबीआयकडे (केंद्राचं दिवाळखोरी मंडळ, व्हॅल्युअरांची नोंदणी तेच करतं) रजिस्टर्ड व्हॅल्युअर म्हणून नोंदणी होते, लँड अँड बिल्डिंग या वर्गात. सिव्हिलची, आर्किटेक्चरची किंवा टाउन प्लॅनिंगची डिग्री आणि डिग्रीनंतर ५ वर्षं अनुभव लागतो. एखाद्या रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स ऑर्गनायझेशनची मेंबरशिप घ्यायची, त्यांचा ५० तासांचा कोर्स करायचा, मग परीक्षा, तिला ६०% लागतात आणि निगेटिव्ह मार्किंग आहे, त्यामुळे ठोकताळ्यावर जाऊ नकोस. होम लोनच्या रिपोर्टसाठी कायद्याने ही नोंदणी लागतेच असं नाही पण बऱ्याच बँका पॅनेलवर घेताना आता ती मागतात. संपत्ती कर कायद्यातली ३४ एबीची नोंदणी वेगळी, तिला अनुभव जास्त लागतो. तो कर २०१६ ला गेला तरी कॅपिटल गेन्ससाठी, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्ससाठी, ती नोंदणी कामाला येत राहिली.

आता पैसे. गृहकर्जाच्या एका रिपोर्टचे मला आजही बँक बघून १५०० ते २५०० मिळतात. महिन्याला ६० रिपोर्ट धर, सव्वा लाखाच्या आसपास बिल होतं. ऐकायला छान वाटतं पण त्यातून दोन इंजिनिअरचे पगार, ऑफिसचं भाडं, पेट्रोल, शिवाय बिल दोन-तीन महिन्यांनी निघतं आणि त्यात १०% टीडीएस कापलेला असतो. शेवटी हातात ४५-५० हजार राहिले तर महिना बरा गेला म्हणायचा. नुसत्या होम लोनवर पुण्यात घर चालतं, त्यापलीकडे फार नाही.

माझं खरं उत्पन्न बँकेबाहेरून येतं. पेठेतला वाडा किंवा प्रभात रोडचा जुना बंगला विकायला निघाला की मालकाला १ एप्रिल २००१ ची किंमत काढून हवी असते, कॅपिटल गेन्ससाठी, कारण नफा त्या किमतीपासून मोजता येतो. २०१७ च्या बजेटआधी हेच साल १९८१ होतं. या एका रिपोर्टला होम लोनच्या दहा रिपोर्टइतकी फी लोक आनंदाने देतात, कारण त्यांचा टॅक्स लाखांनी हलतो. पण काम अवघड, २००० आणि २००१ चे खरे व्यवहार शोधायचे, तेव्हाचं रेडी रेकनर (सरकारी दरांचा तक्ता) काढायचं, आणि २०२० पासून तो आकडा त्यावेळच्या स्टॅम्प ड्युटी व्हॅल्यूच्या (मुद्रांक शुल्कासाठी धरलेल्या सरकारी किमतीच्या) वर नेता येत नाही. शिवाय भावाभावांच्या वाटण्या, मुलांच्या व्हिसासाठी आईवडिलांच्या मालमत्तेचे रिपोर्ट, कोथरूड-एरंडवण्यात रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्या. हे काम जाहिरातीने येत नाही, सीए आणि वकिलांच्या ओळखीतून येतं, आणि ती ओळख बनायला मला आठ वर्षं लागली.

पिंपळे_सौदागर_इंजि:
मी अशाच एजन्सीत तीन वर्षं आहे. काकांनी सांगितलं ते बरोबर, पण रोजचा दिवस कसा जातो तेही ऐक. सकाळी उंड्री, दुपारी मोशी आणि संध्याकाळी तळेगाव, तेही टू-व्हीलरवर, आणि घरी आल्यावर दोन रिपोर्ट टाईप करायचे. ऑफर घेण्याआधी पेट्रोल किलोमीटरवर देतात की महिन्याला ठरावीक, ते नक्की विचार. माझं पहिलं वर्ष ठरावीक रकमेवर होतं आणि महिन्याला दीड-दोन हजार माझ्याच खिशातून जायचे. मार्चएंडला केसेस दुप्पट होतात, आणि जूनपासून एज्युकेशन लोनची गर्दी, फ्लॅट तारण ठेवून मुलगा जर्मनीला जाणार आणि फाईल मात्र आजच हवी.

शिकायला मात्र खूप मिळतं. मंजूर नकाशात टेरेस मोकळं आणि प्रत्यक्षात बेडरूम, दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले, दारावरचा फ्लॅट नंबर आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) मधला नंबर वेगळा, चतुःसीमा जुळत नाहीत. एकदा वाघोलीकडे गेले तर कागदावर तीन मजले आणि समोर पाच. साईटवर पाच वर्षं काढली असती तरी मला हे कळलं नसतं. भाव काढायला वेबसाईटवरचे आकडे धरू नकोस, ते मागणीचे असतात. रजिस्टर झालेले व्यवहार बघ, त्याच सोसायटीतले, गेल्या सहा महिन्यांतले.

आणि दबाव येतो. लोन एजंटचा फोन येतो, "मॅडम, ७२ लाख नको, ८० येऊ द्या, पार्टी आपलीच आहे." पहिल्यांदा आला तेव्हा मी खरंच घाबरले होते. आमच्या सरांनी ७२ च लिहायला लावले. ती पार्टी दुसरीकडे गेली आणि सर मला एक शब्द बोलले नाहीत. तुझे सर कसे आहेत ते मुलाखतीतच ओळखायचा प्रयत्न कर, कारण हे पगारापेक्षा मोठं आहे.

कर्जविभाग_बाजीराव_रोड:
बँकेच्या बाजूने थोडं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९०%, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८०% आणि त्यावर ७५% पर्यंतच कर्ज देता येतं. म्हणजे व्हॅल्युअरने आकडा फुगवला की ही सगळी मर्यादा कागदावरच राहते. उद्या कर्ज थकलं, सरफेसीखाली (थकीत कर्जासाठी तारण विकायचा कायदा) लिलाव लागला आणि राखीव किमतीला कोणी फिरकलं नाही, की आम्ही पहिल्यांदा जुना व्हॅल्युएशन रिपोर्ट उघडतो. फसवणुकीत व्हॅल्युअरचा हात दिसला तर नाव आयबीएच्या (बँकांची संघटना) सावधगिरीच्या यादीत जातं आणि ती यादी सगळ्या बँका बघतात. मी एका चांगल्या हुशार माणसाचं काम असं बंद झालेलं पाहिलंय, तेही दोन-चार फाईलींसाठी, फार वाईट वाटलं. तेव्हा मॅडमच्या सरांसारखा माणूस मिळाला तर ४ हजार कमी घेऊनही जा.

टिकणार का विचारलंस. भाव कॉम्प्युटर सांगेल, पण टेरेसवर बेडरूम बांधलीय हे जाऊनच दिसतं.

नगररोड_ते_न्यूजर्सी:
माझे दीर इकडे अमेरिकेत रेसिडेन्शियल अप्रेझर, म्हणजे घरांचे व्हॅल्युअर आहेत म्हणून लिहितेय. इथेही सुरुवात ट्रेनी म्हणूनच, आणि शिकवायला तयार असा सुपरवायझर मिळणं हेच सगळ्यात कठीण. सर्टिफाईड रेसिडेन्शियल व्हायला १५०० तासांचा अनुभव, तोही किमान १२ महिन्यांत मिळवलेला. बँक आणि अप्रेझर यांच्या मध्ये मॅनेजमेंट कंपन्या आहेत, फीमधला वाटा त्या घेतात, तुमच्या एजन्सीसारखंच. २०२०-२१ ला व्याज पडलं तेव्हा रिफायनान्सचं (जुनं कर्ज फेडून नवं घेण्याचं) इतकं काम की दीर रात्री दोनपर्यंत बसायचे, २०२२ ला व्याज वाढलं आणि काही महिन्यांत फोन वाजायचा थांबला. त्यात फॅनी मे, फ्रेडी मॅक (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या इकडच्या संस्था) काही कर्जांना अप्रेझलच माफ करतात. ते वर्ष निघालं ते घटस्फोटाच्या आणि वारसाहक्काच्या केसेसवर, ती कामं व्याजदर बघून येत नाहीत. काका म्हणतात तेच इकडेही खरं, फक्त कर्जाच्या कामावर बसू नकोस.

वाकड_सिव्हिल:
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना काकांची पोस्ट वाचून दाखवली, ते पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले सही मिळणार असेल तर जा. एजन्सीला फोन केला, पेट्रोल किलोमीटरवर देतात. काका, एक शंका, साईटवरची माझी वर्षं त्या ५ वर्षांत धरतील का? आधीचा कॉन्ट्रॅक्टर पत्र द्यायला टाळाटाळ करतोय.

सहकारनगरचे_काका:
सिव्हिलचंच काम आहे आणि डिग्रीनंतरचं आहे, धरतात. पण कागद लागतो. पुनावळेचं काम सोडायच्या आधी तिथलं पत्र घे, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा आणि कामाचं स्वरूप सगळं लिहून घे. मोशीवाल्याकडे फोन करत बसू नकोस, स्वतः जा, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट बरोबर ने आणि पत्राचा मसुदा टाईप करूनच ने, त्याला फक्त सही-शिक्का मारायचा राहिला पाहिजे.