काळीची नसबंदी कुठे करावी? बजेट ४००० (वडगाव बुद्रुक, सिंहगड रोड)

जाईजुई:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दोन वर्षांपासून काळी नावाची कुत्री आहे. आजवर कुणाच्या अंगावर गेलेली नाही. मागच्या खेपेला सहा पिल्लं झाली. दोन गाडीखाली गेली, तीन पंधरा दिवसांत रक्ताची हगवण लागून गेली, एक कुणीतरी नेलं. आता परत पाच आहेत, साडेपाच आठवड्यांची. ती पिल्लं मी हातानं पुरली आहेत, पुन्हा ते नको. शिकवणीच्या पैशातून ४००० बाजूला काढले आहेत. कुठे करावं, पकडून कोण नेईल आणि नंतर तिला कुठे ठेवायचं, एवढं सांगा. सोसायटीतली निम्मी माणसं विरोधात आहेत.

पश्या_धायरी:
आमच्या लॅब्राडॉर कुत्रीचं औंधला केलं. गॅसची भूल, आधी रक्ताच्या तपासण्या, एक रात्र दवाखान्यात. १६००० झाले, पण तिसऱ्या दिवशी जिने चढत होती. यात पैसे वाचवू नका असं माझं स्पष्ट मत.

कर्वेनगरकर:
महापालिका फुकट करते. पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रारींच्या अ‍ॅपवर तक्रार टाका, गाडी येते. आमच्या गल्लीतली चार कुत्री अशीच झाली.

निवृत्त_अभियंता:
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या पत्नीला सकाळी फिरताना पोटरीला चावा बसला, ती अजून एकटी खाली उतरत नाही. आम्ही वर्गणी काढून टेम्पो केला आणि सात कुत्री खडकवासल्याच्या पुढे सोडून आलो. दोन-अडीच महिने शांतता होती, मग कुठून कुणास ठाऊक पाच नवीन आली, आधीच्यांपेक्षा दांडगी. पुन्हा टेम्पो करावा लागणार.

मुठाकाठ:
काका, काकूंना लवकर बरं वाटो. पण ती पाच का आली ते बघा. तुमच्या कोपऱ्यावर चिकनचं दुकान आणि ओल्या कचऱ्याचा ढीग तसाच आहे. जुनी सात त्या जागेवर बसलेली होती म्हणून बाहेरची येत नव्हती. जागा रिकामी झाली की शेजारची आत शिरतात, आणि ती ना नसबंदी झालेली ना लस दिलेली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असं याचसाठी आहे. आणि खडकवासल्याच्या कुत्र्यांनी तुमच्या सातांचं काय केलं असेल, याचाही विचार करा.

कर्वेनगरकर:
अनुमोदन. महापालिका फुकट करते, परत सांगतो.

निवृत्त_अभियंता:
नियम मला शिकवू नका. सर्वोच्च न्यायालयानं सगळी कुत्री उचलायला सांगितली आहेत, पेपरात वाचलं आहे. पत्नीला पाच सुया घ्याव्या लागल्या.

टिळकरोड_७२:
पाच कशा? मला मागच्या वर्षी चारच दिल्या, महापालिकेच्या दवाखान्यात, दोन्ही दंडांवर. वडिलांच्या वेळी तर पोटात चौदा होत्या.

मुठाकाठ:
दोघांचंही बरोबर आहे. स्नायूत दिली तर पाच: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत दिली तर ०, ३, ७, २८, दर वेळी दोन जागी. पोटातली जुनी लस २००४ सालीच बनवायची थांबली. मात्र रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं) लागतं, नुसत्या लशीवर भागवू नका. आणि सगळ्यात आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट काही नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे इतकं लिहितोय.
न्यायालयाचं म्हणाल, तर ११ ऑगस्ट २०२५ चा तो आदेश दिल्ली आणि आसपासचा होता. २२ ऑगस्टला त्यात बदल झाला: नसबंदी आणि लस करून त्याच भागात सोडा, रेबीज झालेली किंवा हल्ला करणारी मात्र सोडू नका. ७ नोव्हेंबरचा आदेश शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांचा. सोसायटीचं गेट त्यात येत नाही.

जाईजुई:
माझा प्रश्न राहिलाच. पकडायचं कसं? ती माझ्या हातचं खाते, पण दोरी बघितली की पळते.

दवाखान्यातली_मीना:
ताई, मी अकरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. घाई करू नका. पिल्लं पीत असताना आई उचलायची नाही, नियमही तेच सांगतो, आणि दूध उतरलेलं असताना पोट उघडलं तर रक्तस्राव जास्त होतो. पिल्लं दोन महिन्यांची होऊ द्या, खायला शिकली की दूध आटायला अजून दहा-पंधरा दिवस धरा. तोवर ती माजावर येणार नाही, पण त्यापुढे ढकलू नका. वर्षात दोनदा माजावर येतात आणि जेमतेम दोन महिन्यांत वितात.
तेवढ्या दिवसांत तिला रोज एकाच वेळी, एकाच जागी, उघड्या पिंजऱ्यात खायला ठेवा. दार लावायचं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची, हे लोक दयेपोटी मोडतात आणि भुलेत उलटी छातीत जाते.
आणि पिल्लांचं आजच बघा. तुम्ही सांगितलं ते ऐकून मला तरी पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा हगवणीचा रोग वाटतो. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणजे तुमच्या पार्किंगमध्ये तो अजून असणार. सहा आठवडे झाले की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. त्यांची नसबंदी सहा महिन्यांनंतर.

शनिवारपेठी:
मीनाताई, छान माहिती. पण मुळात खायला घालणं बंद करा ना! बिस्किटं टाकतात आणि मुलं तिथेच खेळतात.

जाईजुई:
मी बिस्किटं टाकत नाही. रात्री साडेदहाला, मागच्या भिंतीपाशी, भात-अंडं, आणि जागा पुसून येते.

मुठाकाठ:
नियमातही साधारण हेच आहे. जिना, दार, मुलांची खेळायची जागा सोडून, वर्दळ नसताना. जागेवरून वाद झाला तर समिती बसते, त्यात सोसायटीचाही माणूस असतो. समिती मागा, भांडू नका.

पश्या_धायरी:
नर कुत्र्यांचं कुणी बोलत नाही. आधी तेच करायला हवेत.

दवाखान्यातली_मीना:
दोन्ही करायचे दादा, पण पैसे एकीपुरतेच असतील तर मादी आधी. एक नर राहिला तरी गल्लीतल्या सगळ्या माद्यांना पुरतो. शिवाय मादीचं गर्भाशय काढलं की पुढे त्यात पू होऊन मरायची भीती जाते.

वारज्याची_सुमन:
आमची गोष्ट सांगते. आमच्या ब्राउनीला गाडीनं नेलं. कुठल्या केंद्राची गाडी ते इथे लिहीत नाही. सहाव्या दिवशी आणून दोन चौक पलीकडे सोडली. अकरा दिवस मी शिट्टी वाजवत हिंडले तेव्हा सापडली. नसबंदीची खूण म्हणून कान कापलेला, टाके बरे, पण वाळून काठी झाली होती. नेतानाच फोटो काढा, पावती घ्या, परत सोडताना स्वतः हजर राहा.

कर्वेनगरकर:
आमच्याकडे असं काही झालं नाही. महापालिकाच बरी. ४००० पिल्लांच्या लशीला वापरा.

दवाखान्यातली_मीना:
मलाही तेच वाटतं. फुकटचं डावलू नका, हे पैसे पिल्लांना लागतील.

टिळकरोड_७२:
+१.

जाईजुई:
सगळ्यांचे आभार. मीनाताई, पाचही पिल्लांना काल पहिली लस दिली. एक जरा सुस्त होतं, आज खेळतंय.
ऑपरेशनचं मात्र मी खाजगी डॉक्टरकडे ठरवलं आहे. इथल्याच डॉक्टरांनी ५५०० सांगितले. रस्त्यावरची आहे म्हणून तपासणीचे पैसे घेणार नाहीत, कानाला खूण करतील, रेबीजची लसही तेव्हाच. फुकट होत असताना हा खर्च कशाला, हे तुमचं म्हणणं पटतं. पण जाळी टाकून तिला ओढत नेताना मला बघवणार नाही, आणि सुमनताईंचं वाचल्यापासून तर झोपच नाही. ती परत आली की माझ्या हातचं खायला आली पाहिजे. वरचे १५०० मी पुढच्या महिन्यात देईन.
पिंजराही नको म्हटलं. आमच्या वस्तीतले रिक्षावाले काका तिला ओळखतात, ते नेणार आहेत. चार दिवसांपासून रिक्षा बंद करून मागच्या सीटखाली ताटली ठेवतोय. काल पुढचे दोन पाय आत टाकून खाल्लं. नंतरचे दहा दिवस माझ्या गॅलरीत ठेवेन, सासूबाई हो म्हणाल्या आहेत.
मीनाताई, गॅलरीत फरशी गार असते. खाली पोतं घालू की चटई? टाक्यांना धागे लागतील का?

दवाखान्यातली_मीना:
पोतं नको, धागे अडकतात. जुनी सुती साडी चौघडी करून घाला आणि रोज बदला. टाके चाटायला लागली तर लगेच फोन करा डॉक्टरांना, सकाळची वाट बघू नका.