कमी बजेटात कारचा सबवूफर बॉक्स: सील्डच करा, पोर्टच्या नादी लागू नका

परभणी_बेस (धागाकर्ता)
12 इंची वूफर, 300 वॉट आरएमएसचा (सतत देऊ शकेल अशा खऱ्या ताकदीचा) मोनो, म्हणजे एका चॅनेलचा अ‍ॅम्प, गाडी हॅचबॅक आणि बॉक्स घरीच करायचा. एवढंच गणित असेल तर सील्ड, म्हणजे पूर्ण हवाबंद बॉक्स करा, पोर्ट (हवा ये-जा करायला ठेवलेला पाइप किंवा फट) नको, असं माझं ठाम मत आहे.

18 मिमी प्लायच्या 4 बाय 2 फुटाच्या एकाच तुकड्यात अख्खा बॉक्स बसतो. पुढची-मागची फळी 49.6 × 33.6 सेंमी, वरची-खालची 49.6 × 22, बाजूच्या दोन 30 × 22. पुढच्या-मागच्या फळ्या लांबीच्या दिशेनं शेजारी-शेजारी आखा, त्यांच्या खालच्या पट्टीत वर-खालच्या येतात, टोकाच्या पट्टीत बाजूच्या. तिथं फट जेमतेम आहे, म्हणून जिगसॉनं हातानं न कापता दुकानातच पॅनल सॉवर कापून घ्या. आतली जागा सव्वातीस लिटर भरते, वूफरनं खाल्लेली वजा केली की 28 उरते. बहुतेक 12 इंचींना तेवढी पुरते.

शिवाय बंद काचेच्या छोट्या गाडीत खालचा बेस केबिनच उचलून धरते. सील्डचा आवाज खाली जसा उतरत जातो, तशी केबिन त्याला वर ढकलते.

बीड_साउंड
भाऊ, कमी बजेटवाल्याला तर पोर्टच पाहिजे! ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुरावर घुमते त्या हर्ट्झच्या आसपास पोर्टेड बॉक्स सहज 3 डीबी (डेसिबल) जास्त आवाज देतो. तेच 3 डीबी अ‍ॅम्पकडून काढायचे तर दुप्पट वॉट लागतात. पाइप कितीला पडतो आणि 600 वॉटचा अ‍ॅम्प कितीला, तुम्हीच बघा.

निव्वळ 50 लिटर, ट्यूनिंग 35 हर्ट्झ, 110 मिमीचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी) पाइप (आतून साधारण 104), लांबी 34 सेंमी. पाइप बाहेरच्या मापानं सव्वातीन लिटर खातो, वूफर दोन-अडीच. म्हणजे एकूण 56 धरून कापा. पाइपाच्या आतल्या टोकापुढं किमान 10 सेंमी मोकळं ठेवा, नाहीतर ट्यूनिंग खाली घसरतं.

परभणी_बेस
आकडे बरोबर आहेत. पण एका पाइपातून 300 वॉटची हवा जोरात निघाली की गाण्यावर फुसफुस ऐकू येते. मग माणूस म्हणतो, दोन पाइप लावू. दोन लावले तर तेच 35 हर्ट्झ ठेवायला प्रत्येक पाइप 75 सेंमीचा लागतो, बसवा आता कुठं बसवता ते. तसाच दुसरा पाइप लावून लांबी तीच 34 ठेवली तर ट्यूनिंग 45 च्या वर जातं आणि बॉक्स एकाच सुरात घुमायला लागतो. गल्लीत ऐकू येतं ते हेच.

आणि ट्यूनिंगच्या खाली कोनला मागून हवेचा आधार राहत नाही. अ‍ॅम्पला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर कापणारा) नसेल तर कॉइल मागच्या प्लेटवर आपटते.

बीड_साउंड
म्हणून तर फिल्टर असलेलाच अ‍ॅम्प घ्यायचा. 30 हर्ट्झवर ठेवा, विषय संपला. फुसफुस नको तर पाइपाऐवजी फळीचा स्लॉट पोर्ट, म्हणजे लांबट फट करा.

परभणी_बेस
स्लॉटला लाकूड लागतं. पाइप स्वस्त म्हणून तर तुम्ही पोर्ट सांगत होतात ना?

जालना_टेस्टटोन
दोघंही वूफरसोबत येणारा आकड्यांचा कागद न बघता भांडताय. एफएसला (वूफर स्वतः ज्या हर्ट्झवर घुमतो) क्यूईएसनं (कॉइल-मॅग्नेट त्या घुमण्याला किती आवरतात त्याचा आकडा) भागा. उत्तर 50 च्या खाली आलं तर सील्ड, 90 च्या वर गेलं तर पोर्टेड, मधलं आलं तर भांडत बसा. सील्डसाठी अजून एक हिशेब: व्हीएएस (कोनच्या लवचिकपणाएवढी लवचिक हवा किती लिटर, तो आकडा) भागिले बॉक्सचे लिटर, त्यात 1 मिळवा, वर्गमूळ काढा, क्यूटीएसनं (वूफरच्या एकूण आवरण्याचा आकडा) गुणा. क्यूटीएस 0.5, व्हीएएस 60 लिटर असेल तर 30 लिटरमध्ये 0.87 येतं, 45 लिटरमध्ये 0.76. पहिला बॉक्स ठोसा मारतो, दुसरा सपाट वाजतो. 1 च्या वर गेलं की आवाज फुगतो. ज्या वूफरसोबत हे आकडे मिळत नाहीत तो घ्यायचाच नाही, कितीही ‘1200 वॉट’ छापलेलं असो.

लातूर_रंधा
एमडीएफ की प्लाय, हे कुणी बोलेना. एमडीएफ सरळ कापला जातो, आवाजालाही चांगला, पण गाडी धुताना डिकीत पाणी शिरलं की खालची कड फुगते आणि मग पूर्ववत होत नाही. आपल्याकडं प्लायच बरा, त्यातही आत पोकळ्या नसलेला. कड बघूनच उचला.

जोडाला फेविकॉल आणि दर 10-12 सेंमीवर 40 मिमीचा स्क्रू. आधी 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर कड चिरते. आतून भुशात कालवलेला फेविकॉल भरा. ग्लू गन वापरू नका, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते. सिलिकॉन लावलं तर वूफर बसवायला एक दिवस थांबा, त्याच्या आंबट वाफा वूफरच्या रबराला आणि डिंकाला चांगल्या नाहीत.

गळती बघायची तर 30 हर्ट्झचा टोन लावा आणि जोडाच्या कडेनं उदबत्ती फिरवा. धूर हलला की भोक तिथंच.

ऊसवाहतूक_46
ट्रॅक्टरला काय करायचं मग? वरती नुस्तं आभाळ.

परभणी_बेस
तिथं केबिनचा आधारच नाही. ट्रॅक्टरला बीडकरांचं ऐका, पोर्टेडच करा.

बीड_साउंड
चला, निम्मं तरी पटलं! सील्ड करणाऱ्यांनो, आत उशीतलं पॉलिफायबर 300-400 ग्रॅम सैल भरा, बॉक्स थोडा मोठा असल्यागत वाजतो. घरचा कापूस कोंबू नका, दमट होऊन एका कोपऱ्यात गोळा होतो. आणि 300 वॉटला 27-28 अँपिअर लागतात, तेव्हा वायर 10 चौरस मिमी अस्सल तांब्याची घ्या, फ्यूज 40 चा, तोही बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. अ‍ॅम्पजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.