गृहसेविकांना ऑनलाइन प्रमाणपत्रावर बढती द्यावी का?

मूळ प्रस्ताव: गृहसेवा समन्वयक

घरोघरी जाऊन वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्या सेविकांच्या नेमणुका करणे हे गेली बारा वर्षे माझे काम आहे. या क्षेत्रात शिरणे सोपे आहे, पण वर चढायला जिनाच नाही. जिने पहिल्या दिवशी बेडपॅन दिले आणि चादर बदलली, ती दहा वर्षांनीही जवळपास तेवढ्याच मोबदल्यावर तेच करताना दिसते. मधल्या काळात तिने अर्धांगवायूच्या रुग्णांना पुन्हा खुर्चीत बसते केलेले असते, स्मृतिभ्रंश झालेल्या आजींबरोबर रात्री जागून काढलेल्या असतात, अखेरच्या दिवसांत कोणाच्या तरी कोरड्या ओठांवर ओला बोळा फिरवलेला असतो. पण यातल्या कशाचीही कागदावर नोंद नसल्यामुळे नव्या घरात पाऊल टाकले की ती पुन्हा नवखीच ठरते.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, ज्या सेविकेने ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला असेल, तिला वरची श्रेणी आणि वाढीव मोबदला देताना ते प्रमाणपत्र ग्राह्य धरावे. वर्गात जाऊन शिकणे तिला परवडत नाही. बारा तासांची ड्यूटी, दोन वेळचा प्रवास आणि स्वतःचे घर यांतून उरतात ती दुपारी रुग्णाचा डोळा लागतो तेव्हाची चाळीस-पन्नास मिनिटे, आणि मोबाइलवरचा धडा नेमका तेवढ्या वेळात बसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला आणि लोकांच्या घरात वृद्धांची देखभाल करणाऱ्याही कामगारच आहेत, हे त्यातून मान्य झाले. त्यांच्या कामाला कौशल्य लागते, हे मान्य व्हायचे अजून बाकी आहे.

प्रतिसाद: निवृत्त परिचारिका आणि प्रशिक्षक

रुग्णालयात आणि नंतर परिचारकांच्या प्रशिक्षणात मिळून मी पस्तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे स्पष्टच लिहिते: हा प्रस्ताव मला मान्य नाही. सेवा हातांनी करायची असते आणि पडद्याकडे पाहून हात शिकत नाहीत.

मागे एका उमेदवार मुलीची मी चाचणी घेतली. ऑनलाइन परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण होते. उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णाला पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घ्यायचे होते. खुर्ची कोणत्या बाजूला लावाल, असे विचारल्यावर तिने ‘धडधाकट बाजूला’ असे अचूक उत्तर दिले आणि खुर्ची लावलीही डावीकडेच. पण ब्रेक लावायचा राहिला, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलायच्या राहिल्या, आणि उठवताना तिने रुग्णाच्या काखेत हात घालून त्याला वर ओढले. लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल झालेला असतो. तो असा ओढला तर सांध्यातून सरकतो आणि पुढे कित्येक महिने दुखत राहतो. रुग्णाच्या कमरेचा पट्टा धरायचा, आपले गुडघे वाकवायचे, त्याचा अधू गुडघा आपल्या गुडघ्याने टेकवून धरायचा आणि मगच त्याला आपल्याबरोबर उठू द्यायचे, हे त्या मुलीने चलचित्रात चार वेळा पाहिले होते.

हृदय बंद पडल्यावर छातीवर द्यायच्या दाबाचेही तसेच आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि ५ ते ६ सेंटीमीटर खोल, हे पाठ करायला अर्धे मिनिट पुरते. पाच सेंटीमीटर म्हणजे किती जोर लावायचा, हे पुतळ्यावर घाम गाळल्याखेरीज कळत नाही.

ज्या देशांनी हे काम गांभीर्याने घेतले त्यांनी काय केले, तेही पाहावे. जपानमध्ये २०१३ पासून वृद्धसेवेचा प्राथमिक अभ्यासक्रम १३० तासांचा आहे आणि त्यातले जास्तीत जास्त ४०.५ तासच घरबसल्या करता येतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१५ पासून नव्या सेवकांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ आहे. तिथेही ऑनलाइन धडे संपवले म्हणून ते हाती पडत नाही, प्रत्यक्ष कामाच्या जागी कोणीतरी जाणत्याने पाहून पात्रता ठरवावी लागते.

प्रतिसाद: गृहसेविका, ११ वर्षांचा अनुभव

सिस्टरांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण त्यांनी नवख्या मुलीचे उदाहरण घेतले. आमच्यासारख्यांच्या हातांना काम येते. लुळ्या हाताची बाही आधी घालायची आणि काढताना शेवटी काढायची, हे मला कोणी शिकवले नाही, करता करता कळले. पण करता करता चुकीचेही तितकेच पक्के होते, हे कोणी लिहीत नाही.

माझेच सांगते. अंथरुणावरच्या रुग्णाच्या माकडहाडावर लाली दिसली की मी तिला तेल लावून चांगले चोळत असे. आधीच्या घरातल्या मावशी तसेच करत आणि घरचे लोकही ‘किती मनापासून करते’ असे म्हणत. लाली बोटाने दाबून पाहायची, दाबल्यावर ती फिकी पडली नाही तर जखमेची सुरुवात झाली आहे असे समजायचे, तिथे मुळीच चोळायचे नाही, कूस बदलून त्या जागेवरचा भार काढायचा आणि लगेच कळवायचे, हे मला आठव्या वर्षी मोबाइलवरच्या एका धड्यात समजले. त्या रात्री मला झोप लागली नाही. किती जणांच्या पाठी मी चोळल्या असतील!

दुसरा उपयोग बोलण्याचा झाला. पूर्वी मी डॉक्टरांना फोनवर ‘आजोबा आज विचित्र वागत आहेत’ एवढेच सांगत असे आणि ‘वयामुळे होते’ असे उत्तर मिळत असे. वृद्धांना लघवीचा संसर्ग झाला तर ताप न येताही अचानक भ्रम होऊ शकतो, हे शिकल्यानंतर मी सांगू लागले की, काल दुपारपर्यंत ते मला ओळखत होते, रात्रीपासून ओळखत नाहीत, लघवी कमी होते आहे आणि पिशवीत गढूळ दिसते आहे. त्याच संध्याकाळी तपासणी झाली.

आता दुसरी बाजू. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा मी ज्या एजन्सीत होते, तिने मला अभिनंदनाचा संदेश पाठवला, माझ्या नावापुढे ‘प्रशिक्षित’ असे लिहून घरच्यांकडून जास्त पैसे घेतले आणि माझा मोबदला आहे तेवढाच ठेवला. रुग्ण मात्र अधिक अवघड मिळू लागले. मॅडम, तुमच्या प्रस्तावात वाढीव मोबदल्याचा उल्लेख आहे, पण तो कोण देणार आणि कधीपासून, हे कुठे आहे? शिवाय दुपारच्या चाळीस मिनिटांविषयी म्हणाल, तर तेव्हा डायपरची पिशवी बांधायची असते, सूप गाळायचे असते आणि स्वतः जेवायचे असते. तुम्ही ज्या कराराचे नाव घेतले, त्यातच आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती सांगितलेली आहे. मी माझे धडे त्या विश्रांतीतून पूर्ण केले.

प्रतिसाद: रुग्णाचा मुलगा

कुटुंबीयांच्या वतीने कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या आईकडे येणाऱ्या ताईंनी मधुमेहाचा ऑनलाइन कोर्स केला होता. स्वभावाने अत्यंत प्रेमळ आणि कामात चोख. एका रात्री साखर जास्त दिसली म्हणून त्यांनी आम्हाला न विचारता इन्सुलिनचे प्रमाण स्वतःच्या अंदाजाने वाढवले. पहाटे तीन वाजता आई घामाने थबथबली होती, हात थरथरत होते आणि ती मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारत होती. साखर उतरल्याची ती लक्षणे होती. आई गिळू शकत होती म्हणून पाण्यात साखर घालून देता आली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासता आले. ती बेशुद्ध असती तर तोंडाने काहीही देणे धोक्याचे होते.

ताईंना ज्ञान नव्हते असे नाही. पण आपल्या कामाची सीमा कुठे संपते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि हातातल्या प्रमाणपत्राने ती सीमा त्यांच्या नजरेत आणखी पुसट केली होती. बढतीचा विचार करण्याआधी, ही व्यक्ती काय करणार नाही, हे प्रमाणपत्रावर ठळक छापावे, एवढे तरी करावे.

प्रतिसाद: ऑनलाइन अभ्यासक्रमांचे लेखक

मी असे धडे लिहितो, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजले तरी चालेल. सिस्टरांनी उचलणे, बसवणे, छाती दाबणे यांविषयी जे लिहिले ते मला मान्य आहे. पण गृहसेवेचा मोठा भाग हातांचा नसून वागण्याचा असतो. स्वतःच्या घरात बसलेल्या आजी संध्याकाळ झाली की ‘मला घरी सोडा’ म्हणून दाराशी जातात. तेव्हा ‘हेच तुमचे घर आहे’ असे दहा वेळा सांगितल्याने त्या अधिकच चिडतात. ‘घरी कोण कोण असते?’ असे विचारून बोलण्यात गुंतवले तर बऱ्याचदा शांत होतात. असे प्रसंग पडद्यावर दाखवता येतात, चुकीचे उत्तर दिले तर पुढे काय होईल तेही दाखवता येते, आणि शिकणारीला ते पुन्हा पुन्हा करून पाहता येते; जिवंत रुग्णावर अशी तालीम करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम काढला, तो याच समजुतीवर.

एक कबुलीही देतो. व्हिडिओ पुढे ढकलून, प्रश्नांची उत्तरे तीनतीनदा बदलून उत्तीर्ण होता येते, अशी सोय बहुतेक कोर्समध्ये असते, कारण कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या वाढलेली विकणाऱ्याला परवडत नाही.

प्रतिसाद: निवृत्त परिचारिका आणि प्रशिक्षक

स्मृतिभ्रंशाबाबत हे पटले. माकडहाडावरच्या लालीचे वाचून तर मी काही वेळ थांबले. आमच्या वर्गातून गेलेल्या किती जणी बाहेर पडल्यावर पुन्हा चोळू लागल्या असतील, कोण जाणे. तरीही शेवटचा कबुलीजबाब वाचल्यावर केवळ अशा परीक्षेच्या भरवशावर कोणाच्या वडिलांना कोणाच्या हाती सोपवावे, असे मला वाटत नाही.

उत्तर: गृहसेवा समन्वयक

माझा प्रस्ताव जसा होता तसा टिकत नाही, हे मान्य करते. दुपारच्या वेळेबाबत मी ऑफिसात बसून हिशेब मांडला होता, हेही खरे.

सुधारून मांडते. माहितीचा भाग ऑनलाइन असावा. त्यानंतर एखाद्या परिचारिकेने सेविकेचे काम प्रत्यक्ष पाहावे, आणि त्या दोन्हींनंतरच श्रेणी बदलावी. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या गृहआरोग्य संस्थांच्या सहायकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते, त्यात किमान १६ तास देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम असते आणि पुढे दरवर्षी १२ तासांची उजळणी असते. मला त्यातली उजळणी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चोळण्यासारख्या सवयी तिथेच पकडल्या जातात. रुग्णाच्या मुलाने सुचवलेली निषिद्ध कामांची यादी प्रमाणपत्रावरच नव्हे, तर रुग्णाच्या खोलीतही लावायला मी तयार आहे. वाढीव मोबदला श्रेणी बदललेल्या दिवसापासून सुरू व्हावा आणि कुटुंबाकडून घेतलेल्या वाढीतला किती भाग सेविकेला मिळतो, हे करारातच लिहिलेले असावे.

प्रतिसाद: गृहसेविका, ११ वर्षांचा अनुभव

हे मला चालेल. फक्त प्रत्यक्ष काम पाहण्याचा दिवस पगारी धरा, कारण त्या दिवशीही मी रुग्ण उचललेलाच असेल. आणि सिस्टर, तुम्ही पाहायला याल तेव्हा घरच्यांपैकी एकाला खोलीत थांबायला सांगा. कमरेचा पट्टा वापरू लागले की ‘आमच्या वडिलांना दोरीने कशाला बांधता’ असे मला दोन घरांत ऐकावे लागले आहे. तुमच्यासमोर एकदा पाहिले म्हणजे मला ते पुन्हा समजावत बसावे लागणार नाही.