मुमताज महलची लेकरं

इस्माइली पंथाचे दिवंगत धर्मगुरू आगा खान (चौथे) यांनी पैशाच्या जोरावर पाच वेळा एप्सम डर्बी ही इंग्लंडमधली मानाची घोड्यांची शर्यत जिंकली, हे मत मला पटत नाही. पैसा होताच, पण तेवढ्यावर डर्बी मिळत नाही. 1960 मध्ये वडील मोटार अपघातात गेले आणि तोवर घोड्यांशी फारसा संबंध नसलेल्या तरुण करीम यांच्या (आगा खान यांचंच हे नाव) गळ्यात हा घोड्यांचा पसारा पडला. त्यांनी तो विकला नाही.

खरी पुंजी होती वंशावळ. आजोबांनी (पुण्याचा आगा खान पॅलेस बांधणारे तेच) 1922 मध्ये मुमताज महल ही करडी घोडी 9,100 गिनींना घेतली, तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती. तिच्या लेकी-नातींच्या ओळीत पतीत एत्वाल ही नामांकित घोडी आली आणि पुढे झारकावा, 2007-08 मध्ये सातपैकी सात शर्यती जिंकणारी!

आणि त्यांचा घोडा शेरगार. त्याने जिंकलेल्या 1981 च्या डर्बीचं जुनं चित्रण मिळालं तर जरूर पाहा. जीभ बाहेर लोंबतेय, पांढरा पट्टा असलेलं तोंड पुढे, मागचा घोडा दहा घोड्यांच्या लांबीइतका दूर. आगा खान यांनी त्याच्या मालकीचे चाळीस हिस्से केले, प्रत्येकी अडीच लाख पौंडांना, आणि सहा स्वतःकडे ठेवले. फेब्रुवारी 1983 मध्ये आयर्लंडमधल्या स्टडफार्मवरून (घोड्यांच्या पैदास केंद्रातून) तो पळवला गेला. तो पुन्हा कधी सापडलाच नाही. त्या मुक्या जिवाचं काय झालं असेल, हे आजही डोक्यातून जात नाही.