पक्षी सप्ताहात आप्पांना मायणीला न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही विट्याचे. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात मायणी किंवा येरळवाडीच्या तलावावर पक्षीनिरीक्षणाच्या कार्यक्रमाला सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, घेऊन जायचा विचार आहे. वय ७४, गुडघे दुखतात, पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त!

तलावाच्या काठापर्यंत गाडी जाते का, की बरंच चालावं लागतं? घडीची खुर्ची सोबत घेतली तर चालेल ना?

दुर्बीण घ्यायचीय. दुकानदार १० बाय ५० (दहापट मोठं दाखवणारी) गळ्यात मारतोय. पण आप्पांचे हात थरथरतात, जास्त मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत चित्र जास्तच हलणार. मला ८ बाय ४२ (आठपटीची) बरी वाटते. चष्मा न काढता वापरता येईल अशी कुणी वापरलीय का?

त्यांना रोहित पक्षीच (फ्लेमिंगो) बघायचेत. ते थंडी चांगली पडल्यावर येतात ना? मग नोव्हेंबरात चक्रवाक बदकांवर समाधान मानायचं की सरळ जानेवारीत जायचं?

आणि हो, आप्पा पांढरंशुभ्र धोतर नि टोपी सोडत नाहीत. पक्षी बुजतील म्हणून मातकट कपडे घाला, हे त्यांना कोण सांगणार? निदान वरून शाल तरी कशी घालायला लावू, सुचवा.